बँडमास्तरांचं घड्याळ

सोनगिरी संस्थानचे नवे महाराज दत्तक आले होते, आणि घड्याळातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा त्यांचा समज होता. ते घड्याळ आधी हुंगत, मग कानाला लावत, मग अस्सल की नकली ते सांगत. दरबारीही पाठोपाठ हुंगत आणि माना डोलावत.

एकदा त्यांची नजर बँडमास्तर केरोबांच्या मनगटावर गेली. थोरल्या महाराजांनी बक्षीस दिलेलं ते चावीचं घड्याळ म्हणजे केरोबांचा जीव की प्राण. महाराजांनी ते हुंगलं, मागचं झाकण उघडायला लावलं आणि नाक मुरडलं.

"पेटी तेवढी जुनी. तबकडी नवी, आतलं यंत्रही बाहेरचं. थोरल्या महाराजांच्या नावावर नकली घड्याळ मिरवतोस? हे तळ्यात फेका आणि याला वेशीबाहेर घालवा."

केरोबांनी हात जोडले. ते म्हणाले, "बिघडलं तेव्हा दुरुस्त केलं, सरकार. पण एक शंका आहे. गादी तीच, किताब तोच, फक्त वर बसणारा बाहेरून आणलेला असेल, तर त्यालाही नकली म्हणायचं का? सरकार सांगतील तो नियम आम्ही सगळ्यांना लावू."

दरबारात कुणी मान हलवेना.

महाराजांनी घड्याळ स्वतःच्या हातांनी केरोबांच्या मनगटावर बांधलं. "अस्सल आहे," ते म्हणाले. "आणि आजपासून या दरबारात कुणाचंही झाकण उघडून बघायचं नाही."