शेपटीतला पान्हा

“मग सही करायला अडतंय कुठे, बाई?”

मंदारने तिसऱ्यांदा विचारलं. सबनीसबाई त्याचा अहवाल वाचत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी पडलेल्या विमानांची कारणं शोधली होती. मंदार त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य होता, आणि हे त्यालाही माहीत होतं.

हँगरमध्ये एका छोट्या विमानाचे तुकडे मांडून ठेवले होते. वैमानिक वाचला नव्हता. शेपटीच्या पोकळीत विसरलेला एक पान्हा सापडला होता. त्यात शेपटीचं सुकाणू वळवणारी तार अडकली होती.

“‘कारण : मेकॅनिक एकनाथ भोइटे यांचा निष्काळजीपणा.’ एवढंच?”

“काम संपलं की हत्यारं मोजायची असतात. भोइट्यांनी न मोजताच ‘सर्व परत’ लिहिलं. खाली सही. आणखी काय हवं?”

“का नाही मोजली?”

“निष्काळजी आहेत म्हणून.”

“ते कशावरून?”

“मोजली नाहीत म्हणून.”

बाई चष्मा पुसत राहिल्या.

“त्याचं लायसन्स जाईल. कदाचित तुरुंगही.”

“एक माणूस मेलाय, बाई.”

“हो... पान्हा नेमका कुठे होता? दाखव.”

तुकड्यांभोवती दोरी बांधलेली होती. आत जाताना खिशातल्या वस्तू वहीत लिहायच्या आणि बाहेर येताना त्या मोजून सही करायची. हा नियम बाईंनीच घातला होता. मंदारने लिहिलं : मोबाइल, रुमाल, किल्ली, पेन.

तो शेपटीखाली उताणा झोपला. पोकळीत पेन घालून म्हणाला, “इथे. या पट्टीच्या मागे.”

“दिसलं. आटप आता, चहा निवतोय.”

तो उठला, पाठीची धूळ झटकली. वहीला दोऱ्याने बांधलेल्या पेनाने ‘सर्व परत’ लिहिलं आणि सही केली.

चहा झाला. बाईंनी अहवाल पुढे सरकवला.

“आधी तुझी सही होऊ दे.”

मंदारने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पुन्हा पहिल्या...

त्याने शेपटीकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला कसं माहीत असणार? वहीत ‘सर्व परत’ आहे.”

त्याचे कान लाल झाले.

“पण मी निष्काळजी नाही, बाई.”

“नाहीसच.”

“मग भोइटेही...”

“ते मला नाही माहीत. तू भेटलास त्याला?”

“नाही. कागद पाहिले.”

पत्र्यावर कबुतरं चालत होती.

“मी मोजणारच होतो,” तो पुटपुटला. “पण तुम्ही हाक मारलीत, चहा निवतोय म्हणून, आणि मी...”

तो थांबला. अहवालाचं शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. सकाळी किती सरळ वाटलं होतं ते. आता त्यातला एकही शब्द धड कळेना.

“मग मी लिहू काय, बाई? तुमचं नाव लिहू?”

बाईंनी दोरीजवळची वही उचलून आणली आणि दोऱ्याचं पेन त्याच्या हातात दिलं.

“लिही. माझ्यापासून सुरुवात कर.”