काखेतल्या वहाणा

“पेशंट ऐकतच नसेल, तर डॉक्टरनं करायचं तरी काय, बाई?”

सौमित्रनं हे विचारलं तेव्हा डॉक्टर वत्सलाबाई गिरजाबाईच्या तळव्याची जखम धूत होत्या. घाटाखालच्या त्या धर्मादाय दवाखान्यात त्यांचे केस पिकले होते. शहरातून शिकून आलेली पोरं त्यांच्या हाताखाली तयार व्हायची. सौमित्र त्यांतला सगळ्यांत हुशार, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

बाईंनी कापसाचा नवा बोळा घेतला.

साखरेच्या आजारानं गिरजाबाईच्या पायांची जाणीव गेली होती. काटा रुतला तरी कळत नसे. सौमित्रनं स्वतः माप घेऊन, मऊ रबर कापून तिला वहाणा करून दिल्या होत्या. आणि आज म्हातारी त्याच वहाणा फडक्यात गुंडाळून, काखेत मारून, अनवाणी आली होती.

“वहाणा पायात घालायच्या असतात, आजी. काखेत नाही.”

“ते मला ठावं हाय, डागदर. पर नातवानं पाऊल टाकल्याबिगर घालनार न्हाई, असं देवीला बोललेय.”

“जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल. मग देवीला काय सांगाल?”

“तुमचं नाव सांगीन की.”

सौमित्रचे कान तापले. “ऐकलंत, बाई? मी सांगून सांगून थकलो. असल्या अडाणीपणावर औषध नाही.”

बाईंनी पट्टी बांधली. गाठ मारली. मग गिरजाबाईकडे पाहिलं.

“नातू काय म्हणतोय?”

“भिंत धरून हुबा ऱ्हातोय आता.” म्हातारीचा चेहरा उजळला. “तुमी दावलं तसं रोज पाय चोळतेय त्याचं.”

“म्हणजे देवी ऐकतेय.”

“ऐकतेय तर. म्हनून तर आता मोडू कशी?”

“मोडायचं नाहीच. सासू अंथरुणाला खिळली, तर तिचं व्रत कोण चालवतं गं?”

“सून चालवती. न्हाईतर घरचं कुनीतरी. हातावर पानी सोडलं की झालं.”

“मग सोड माझ्या हातावर.”

“तुमी काय घरच्या हाय व्हय, बाई?”

“तुझ्या नातवाला सगळ्यांत आधी हातात कुणी घेतलं?”

गिरजाबाईनं बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या ओढला, डोळे मिटून देवीचं नाव घेतलं आणि बाईंच्या ओंजळीत पाणी सोडलं.

पाणी सोडलं की शब्द पक्का, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक.

बाईंनी ओले हात कपाळाला लावले. वाकून आपल्या चपला काढल्या आणि टेबलाखाली सारल्या.

गिरजाबाईनं फडकं सोडलं. वहाणा पायात घातल्या. नव्या नवरीसारखी जपून पावलं टाकत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी वळली.

“आमच्या वाटंला काटं लई हायेत, बाई. खाली बघून चाला.”

ती गेली. सौमित्र टेबलाखालच्या चपलांकडे बघत उभा राहिला.

“बाई, हे... हे उपचारात बसतं?”

“तिची जखम भरेल आता?”

“वहाणा घातल्या तर... भरेल.”

“मग बसतं.”

सौमित्रनं टेबलावरची लसींची पेटी पुढं ओढली.

“उद्या वरच्या वाडीत लसी द्यायला जायचंय तुम्हाला. सगळी पायवाट करवंदीच्या जाळीतून आहे. खरंच अनवाणी जाणार?”

“पाणी घेतलंय रे ओंजळीत.”

“आणि काटा रुतला तर?”

बाई हसल्या. पाय थोडेसे पुढं पसरून खुर्चीत टेकल्या.

“तर तू काढशील. शिकवलंय कशाला तुला?”