हैबतीचा जुळता पोशाख

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण असा गडी आपल्यात होता हे कोणतंच गाव कबूल करणार नाही. गड्याचं नाव हैबती. नावाला दचकू नका. त्याला बघून आजवर एक कोंबडीसुद्धा बाजूला सरलेली नव्हती.

हैबतीकडे सहा एकर बागायत होती. पाऊण एकर असती तर लोकांनी त्याला बावळट म्हटलं असतं. सहा एकर होती म्हणून म्हणत, "पोरगा सरळ आहे हो." आणि सरळ तर तो होताच. एकदा आई म्हणाली, "म्हशीला नजरेआड हू देऊ नगं." हा तीन दिवस म्हशीच्या तोंडासमोर बसून राहिला. शेवटी म्हैस कंटाळली, हा नाही कंटाळला.

त्याची आई सरूबाई. घरात दोघंच. हैबतीसाठी आतापर्यंत तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळेला पाहुणे चहा प्यायले, पाच मिनिटं हैबतीशी बोलले आणि एकाएकी त्यांना घरची कामं आठवली.

चौथं स्थळ शेजारच्या गावच्या दौलतरावांचं. दौलतरावांची जमीन दोन एकर आणि मतं वीस एकर. त्यातलं सगळ्यात जास्त पीक देणारं मत कपड्यांबद्दलचं. त्यांच्या धोतराच्या निऱ्या मोजून घ्याव्यात अशा. दुसऱ्याच्या अंगावर विजोड काही दिसलं की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यांना हौसा नावाची एक लेक. तिनं बघायच्या कार्यक्रमात मान वर केली नाही आणि हैबतीनं मान खाली केली नाही. त्यामुळे त्याला तिचा चेहरा दिसला नाही आणि तिला त्याचे फक्त पाय दिसले. पाय ठीक होते.

"मला पसंत आहे," दौलतराव म्हणाले. "पण एक अट. लग्नात नवरदेवाचा पोशाख त्यानं स्वतः बाजारात जाऊन निवडायचा. आईनं निवडलेला नको. अंगावरचं एकमेकाला जुळवता येत नाही, तो माणूस संसार काय जुळवणार? मांडवात मी आधी पोशाख बघणार, मगच बोहल्यावर चढायचं."

लग्नाला पाच आठवडे होते. पाहुणे गेल्यावर सरूबाईनं लेकाला समोर बसवलं.

"हैबती, ह्ये चौथं स्थळ. ह्ये गेलं तर पाचवं येनार न्हाई. मी किती दिस पुरनार तुला? मंगळवारी बाजारला जा. सदरा, धोतर, फेटा घे. पर ध्यानात ठेव. एकमेकाला जुळलं पायजे."

"जुळलं पायजे. बरं," हैबती म्हणाला.

मंगळवारी तो तालुक्याच्या बाजारात गेला. गुलाबशेटच्या दुकानात बसला. शेटनं पन्नास कापडं दाखवली. हैबती एक कापड दुसऱ्याशेजारी धरायचा आणि मान हलवायचा. पांढऱ्याला पिवळं जुळेना. निळ्याला तांबडं जुळेना. मग त्याला अक्कल सुचली. त्यानं एक ठाण उचललं आणि त्याचं एक टोक दुसऱ्या टोकाशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं.

त्या एकाच ठाणातून त्यानं सदरा काढला, धोतर काढलं, फेटाही काढला. ठाण निळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं होतं. आपण गादीला लावतो ना, तेच. गुलाबशेट काही बोलला नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलेलं होतं.

बाजारातल्या शिंप्यानं चार टाके मारून दिले. हैबती सगळं अंगावर चढवून घरी आला आणि दमला म्हणून ओसरीवर आडवा झाला. तेवढ्यात शेजारचे भिकूअण्णा आले. "वा, नवी गादी केली वाटतं," म्हणाले आणि त्याच्यावर बसले. पान खाऊन होईपर्यंत बसले. हैबतीनं हूं की चूं केलं नाही. पाहुण्याला उठवू नये, असं आईनं लहानपणी सांगितलं होतं.

सरूबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, समदं एकसारकं घ्यायचं नसतंय!"

"मग कसं करायला पायजे हुतं?"

"येक वस्तू उठून दिसणारी घ्यायची, भडक. बाकीची साधी. म्हंजी भडक ती खुलती अन् साधी ती दडती. कळलं?"

"कळलं. पुढल्या बारीला तसंच करतो."

आणि हैबती शब्दाचा पक्का होता. सगळं दुखणं त्यातच होतं.

पुढच्या मंगळवारी सरूबाईनं त्याला वहाणा आणायला धाडलं. वहाणांत काय चुकणार, असा तिचा हिशेब. हैबती चांभाराच्या दुकानात गेला. एक वहाण घेतली तांबडी, जरीची, वर हिरवा गोंडा. दुसरी घेतली साधी, काळी, बिनगोंड्याची. चांभार म्हणाला, "पाव्हणं, ह्या येका जोडीच्या न्हाईत."

"ठाव हाय मला," हैबती म्हणाला. "येक खुलती अन् येक दडती."

चांभारानं त्याच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि दोन्ही वहाणा बांधून दिल्या. तांबडीची टाच उंच होती, काळीची सपाट. त्यामुळे हैबती घरापर्यंत दर पावलाला एकदा वर गेला आणि एकदा खाली आला. वाटेत तिघांनी त्याला पायाला काय लागलं म्हणून विचारलं. एकानं तर हळदीचा लेप सांगितला.

"आरं माझ्या कर्मा!" सरूबाई ओरडली. "डावं तसं उजवं नगं व्हय? असल्या वस्तू जोडीनं घ्यायच्या. दोन सारक्या! दोन्हीकडं सारकं दिसलं पायजे!"

"दोन सारक्या. दोन्हीकडं सारकं," हैबतीनं घोकलं. "पुढल्या बारीला तसंच करतो."

तिसऱ्या मंगळवारी फेटा आणायचा होता.

सांगायला नको, पण सांगतो. त्यानं दोन फेटे घेतले. दोन्ही केशरी, दोन्ही सारखे. एक डाव्या कानावर बांधून घेतला, एक उजव्या कानावर. दोन्हीकडून सारखं दिसतंय ना, हे त्यानं बाजारातल्या आरशात तीनदा पाहिलं. सारखं दिसत होतं, यात वादच नाही. डोकं एवढं रुंद झालं की एस.टी.च्या दारातून शिरेना. कंडक्टर म्हणाला, "सामान टपावर टाका." हैबती मुकाट्यानं टपावर चढून बसला.

घराच्या दारातूनही तो सरळ आत येईना. मग खाली वाकून, आडवा होऊन शिरला. सरूबाईला वाटलं लेक पाया पडतोय. तिचे डोळे भरून आले. "औक्षवंत हो, शाना हो," असा आशीर्वाद तिनं दिला. मग तो उभा राहिला आणि आशीर्वादातला अर्धा भाग वाया गेल्याचं तिच्या लक्षात आलं.

या वेळी ती ओरडली नाही. खाली बसली. "हैबत्या, दुकानात घालून बगायचं रं. अंगाला बसतंय का, शोभतंय का, चार लोकास्नी इचारायचं. मग घ्यायचं. न्हाईतर आपलं लगीन गेलं बग."

"घालून बगायचं. शोभतंय का इचारायचं," हैबती म्हणाला. आईचा पडलेला चेहरा बघून त्याला वाईट वाटलं. पुढच्या वेळी तिला बोलायला जागा ठेवायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

चौथ्या मंगळवारी नवरीचा शालू आणायचा होता.

गुलाबशेटनं एक जांभळा शालू उलगडला. नऊवारी, रुंद काठाचा, जरीच्या पदराचा. हैबती उठला आणि शालू नेसायला लागला. नऊवारीला काष्टा असतो, धोतरालाही असतो, त्यामुळे त्याला फारसं जड गेलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, नीट नाकापर्यंत ओढला. गुलाबशेटनं घराण्याचं तत्त्व आठवून आरसा पुढे धरला.

तेवढ्यात दुकानात दौलतराव आले. त्यांना लग्नासाठी उपरणं घ्यायचं होतं. समोर पदर घेतलेली उंचपुरी बाई बघून त्यांनी नजर जमिनीला लावली.

"ताई, जरा सरकता का?"

हैबती सरकला. मग त्याला आईचं सांगणं आठवलं. "मामा," त्यानं विचारलं, "शोभतंय का मला?"

आवाज ऐकून दौलतराव दचकले. बाईला पडसं झालं असावं. "मला काय विचारता," ते म्हणाले, "घरधन्याला विचारा." आणि उपरणं न घेताच तरातरा निघून गेले.

हैबतीनं घरी आल्यावर सगळं सांगितलं. "मामा भेटलं हुतं दुकानात. पर वळख दिली न्हाई. लई गर्व हाय त्यास्नी."

सरूबाईनं चुलीपुढे बसूनच डोळे मिटले. शालू मात्र तिला आवडला. काठ चांगले होते. तिनं लेकाला जवळ घेतलं आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"दुसऱ्याची वस्तू आपल्या अंगाव चढवायची नसती, बाळा. आपल्या कापडाशेजारी नुसती धरून बगायची. रंग जुळला तर घ्यायचा. न्हाई जुळला तर लाजायचं न्हाई. मालकाला सरळ सांगायचं, ह्याच्यात दुसरी दाखवा. येकदा घरात आणली की जन्मभर गळ्यात पडती."

"शेजारी धरून बगायचं. लाजायचं न्हाई," हैबती म्हणाला. त्याला हे फारच पटलं. इतकं सोपं आई आधी का बोलली नाही, असंही त्याच्या मनात आलं.

पाचव्या मंगळवारी मात्र सरूबाई स्वतः निघाली. तोंडावर पदर घेऊन लेकाच्या मागे दहा पावलांवर चालली. हैबती चुकीच्या ठाणाला हात लावायचा, ती मागून गुलाबशेटला हातानं नको नको करायची, आणि शेट ते ठाण उचलून ठेवायचा. बरोबर ठाणाला लावला की मान डोलवायची. निवडलं हैबतीनंच. मागून माना हलवण्याबद्दल दौलतरावांनी काही अट घातलेली नव्हती. पांढरा सदरा झाला, बारीक काठाचं धोतर झालं, साध्या वहाणेला दुसरी साधी वहाण मिळाली. दोन फेट्यांतला एक सरूबाईनं कुलुपात टाकला.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवाच्या तोंडाशी दौलतराव उभे होते. त्यांनी हैबतीला वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. एकदा सभोवार फेरी मारली. सरूबाईनं श्वास रोखून धरला होता. शेजारी भिकूअण्णांनीही धरला होता, पण त्यांना खोकला आला.

"पांढऱ्यावर केशरी," दौलतराव हळूच म्हणाले. "एकच वस्तू उठावाची, बाकी सगळं साधं. जावईबापू, तुमची नजर पारखी आहे."

सरूबाईनं डोळ्याला पदर लावला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. कुलदैवताला बोललेला नवससुद्धा तिनं उभ्या उभ्या वाढवला.

हैबती बोहल्यावर उभा राहिला. हातात हार. मध्ये अंतरपाट. पलीकडे हौसा. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, लोकांनी अक्षता टाकल्या, निम्म्या नवरदेवावर आणि निम्म्या पुढच्या लोकांच्या टोप्यांवर. शेवटचं 'सावधान' झालं. खरं म्हणजे तेव्हा सगळ्या मांडवानंच सावध व्हायला हवं होतं. अंतरपाट सरला. वाजंत्र्यांनी गाल फुगवले. लोकांनी मुठी उगारल्या.

"थांबा," हैबती म्हणाला.

वाजंत्र्यांचे गाल फुगलेलेच राहिले.

हैबतीनं हार काखेत धरला. फेट्याचा सोगा पुढे ओढला आणि हौसाच्या जांभळ्या पदराशेजारी धरला. डोळे बारीक केले. जरा उजेडाकडे सरकून पुन्हा धरला. लोकांना वाटलं त्यांच्यात काही रीत असेल. सरूबाई मात्र होती तिथंच खाली बसली, कारण असली कोणतीही रीत तिला माहीत नव्हती.

हैबतीनं मान हलवली. आईचे शब्द त्याच्या अगदी ओठावर होते आणि आज तो एकही विसरला नव्हता. तो दौलतरावांकडे वळला.

"मामा, काठ चांगलं हाईत. पोत बी बरं दिसतंय. पर माझ्या फेट्याला न्हाई जुळत. ह्याच्यात दुसरी दाखवा."

मागच्या आचाऱ्याच्या कढईतला जिलेबीचा चर्र आवाज पुढपर्यंत आला. लोकांच्या मुठीत अक्षता होत्या. टाकायच्या की घरी न्यायच्या, हे कोणाला कळेना. दौलतरावांकडे प्रत्येक गोष्टीवर मत होतं. यावर नव्हतं.

तेव्हा हौसानं मान वर केली. पायांपासून सुरुवात करून ती हळूहळू फेट्यापर्यंत आली. आता तिला अख्खा माणूस दिसला.

"आबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांचं बराबर हाय. मला बी दुसरा दाखवा."

तिनं हातातला हार भटजींच्या गळ्यात घातला, कारण तेच जवळ होते, आणि ती बोहल्यावरून उतरून चालायला लागली.

हैबती तिच्या पाठमोऱ्या शालूकडे बघत राहिला. एवढ्या लोकांत, न लाजता, मालकाला सरळ सांगणारी मुलगी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. अगदी त्याच्यासारखी. त्याचा चेहरा उजळला. त्यानं काखेतला हार झटकून नीट केला आणि खाली बसलेल्या आईला वरूनच हाक मारली.

"आये, हिचं अन् माझं लई जुळतंय! मामास्नी सांग, हीच बांधून द्या!"