कोतवालाची वर्गवारी

एका जंगलात खळाळत्या ओढ्याकाठी एक म्हातारी काळी माशी आपल्या गोतावळ्यासह राहत असे. गोतावळा तो केवढा, तर ओढ्यातल्या एका धोंड्यावर मावेल एवढा! बालमित्रांनो, त्या रानात काळ्या माश्या उदंड होत्या आणि बहुतेक सगळ्या कडकडून चावत. म्हातारीचे कूळ मात्र धायटीच्या फुलांतला मध चाखून जगे. चावायला लागणारे धारदार तोंडच त्यांना नव्हते. पण दिसायला सगळ्या सारख्याच, आणि सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात ना, तशी वेळ एक दिवस म्हातारीवर आली.

झाले असे, की माश्यांनी चावून चावून हरिणीच्या पाडसाचे डोळे सुजवले. रडकुंडीला आलेली हरिणी काळ्याकुळकुळीत कोतवाल पक्ष्याकडे गेली. "दादा, चावणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढ रे!" आता कोतवाल हा माश्या खाऊनच जगणारा. त्याने ओढ्यावर एक नजर टाकली. "अंग काळे, पाठीला कुबड. सगळ्या एकाच कुळातल्या. झाली वर्गवारी! खातो सगळ्यांना." स्वतः आपण किती गोरे आहोत, हे त्याला कोण विचारणार?

म्हातारी त्याच्यासमोर भिरभिरली. "कोतवालदादा, आमचे तोंड तरी बघा! आम्ही मूठभर उरलोय. संपलो, तर आमच्यासारखे पुन्हा कुणी दिसायचे नाही."

"शितावरून भाताची परीक्षा! एक चावते, म्हणजे सगळ्या चावतात," म्हणत कोतवाल धोंड्याकडे झेपावला. तशी म्हातारी जिवावर उदार होऊन थेट पाडसाच्या नाकावर जाऊन बसली. हरिणीने खूर उगारला. म्हातारी म्हणाली, "ताई, मी चावले तर इथेच चिरडा मला."

पाडसाने डोळे गच्च मिटले, नाक मुरडले आणि ते खुदकन हसले. "आई, ही चावत नाही गं, नुसत्या गुदगुल्या करते!"

"थांब रे दादा!" हरिणी ओरडली. "चावे माझ्या लेकराने सोसलेत, तेव्हा निवडही आम्हीच करू. अंगावर बसून चावेल ती तुझी. फुलावर बसेल तिच्या वाटेला जायचे नाही."

"असे बघत बसलो, तर न्याहारीला दुपार होईल!" कोतवाल कुरकुरला.

"होऊ दे," हरिणी म्हणाली.

म्हातारी धोंड्यावर परतली. आपली सगळी माणसे जागच्या जागी पाहून तिने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी धायटीचा मध तिला नेहमीपेक्षा गोड लागला.

तात्पर्य : ज्याचे पोट निवाड्यावर भरते, त्याला सगळेच गुन्हेगार दिसतात.