अर्ध्यावर थांबलेली वेल

तिरवळ्याच्या सातेरी देवीच्या देवळात शिरलात की उजव्या हाताचा दुसरा खांब पाहा. फोटो नंतर काढा, आधी हात लावा, लावायला हरकत नाही. फणसाचं लाकूड आहे. तळापासून मिरवेल चढत गेली आहे, पानांच्या शिरासुद्धा दिसतात, एका पानावर सुरवंट आहे. छातीएवढ्या उंचीवर वेल एकदम थांबते आणि वर नुसतं कोरं लाकूड. येणारे म्हणतात, सुतार मध्येच पळाला असेल. पळाला वगैरे नव्हता. आमच्या घरात सांगतात ते असं.

देवळाचं छप्पर गवताचं होतं तेव्हा इथे पुनाजी मेस्त्री नावाचा सुतार राहत असे. वाकस, रंधा, पटाश्या ही त्याची हत्यारं पणज्यापासून आलेली. पटाशीच्या मुठीवर घराण्यातल्या अंगठ्यांनी खळगा पडला होता म्हणे, नव्या माणसाचा अंगठा त्यात आपसूक जाऊन बसे. रानात जायचं, पान-पाखरू डोळ्यांत भरून आणायचं आणि लाकडात उतरवायचं, एवढंच पुनाजीला ठाऊक. मुलगा बाबल त्याच्या हाताखाली चांगला तयार झाला होता. देवळाचे खांब बापलेकांनी मिळून कोरायला घेतले. जत्रेआधी सगळे पुरे करीन, असा पुनाजीनं देवीला शब्द दिला होता.

त्या पावसाळ्यात बाबल तापानं गेला.

पुनाजी रडला नाही. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या सकाळी येऊन खांबाशी बसला. लोकांना वाटलं, बरं झालं, कामात मन रमेल. मन कसलं रमतंय! खायला दिलं की तो खाई, ऊठ म्हटलं की उठे. पानं मात्र एकापेक्षा एक सुरेख उतरत होती.

एके दिवशी त्याची बायको आवडी पेज घेऊन आली, तर खांबावरून रक्त ओघळत होतं. पटाशी डाव्या तळव्यात शिरली होती आणि पुनाजी ठोकतच होता. तिनं मनगट धरलं तेव्हा कुठे त्यानं हाताकडे पाहिलं.

"माका कळूकच नाय," तो म्हणाला.

गावात बोभाटा झाला. मानकरी जमले. आता आमच्या लोकांचं डोकं बघा. सुताराचं हत्यार सुतारालाच लागलं आणि त्याला कळलं नाही, म्हणजे हत्यारांचाच कोप झाला, असं ठरलं. हत्यारांपुढे नारळ ठेवला, कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं. लोखंडाची समजूत काढून झाली, त्या माणसाजवळ कुणी बसलं नाही. वर असंही ठरलं, की पुनाजीचा बधिर हात जागा होत नसेल तर हत्यारं देवळाच्या तळीत, त्या लहानशा तळ्यात, बुडवायची, कारण निजलेल्या हातातलं हत्यार माणूस खातं. हत्यारं गेली असती तर पुनाजीही उरला नसता. बाबलमागे त्याच्यापाशी तेवढंच होतं.

आवडीनं हत्यारं मागून घेतली. म्हणाली, हात जागा झाला तर मीच देईन, नाही झाला तर जत्रेच्या सकाळी मीच तळीत सोडीन. रोज ती हत्यारं मांडीवर घेऊन देवळात बसे आणि त्याला विचारी, "हात जागो आसा?" खोटं बोलण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं. "नाय," तो म्हणे. मग दोघं दुपारपर्यंत तिथेच बसून राहत आणि घरी जात. असे कितीतरी दिवस गेले. तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. खंबीर बाई, असं लोक म्हणत.

जत्रेची सकाळ उजाडली. तिनं विचारलं, तो नाय म्हणाला. ती हत्यारं पदरात बांधून उठली आणि तळीच्या पायऱ्या उतरली. पुनाजी मागोमाग गेला. गाठ सोडताना पटाशीच्या पात्यानं तिचं बोट चिरलं. रक्त पाण्यात पडू लागलं आणि ती आपली गाठ सोडतच राहिली.

पोर दोघांचं गेलं होतं, हे पुनाजीच्या ध्यानात तेव्हा आलं, असं सांगतात. त्यानं विचारलं, "आणि तुझो?"

"नाय," आवडी म्हणाली. "माका कोणी इचारूकच नाय."

त्यानं तिचं बोट मुठीत दाबून धरलं. रक्त गरम लागलं. ते गरम आहे एवढं त्याला कळलं, आणि मग दोघंही पायरीवर बसून रडली. वर जत्रेचे ढोल वाजत होते. हत्यारं कोरडीच राहिली.

बाकीचे खांब पुनाजीनं पुढे पुरे केले. ही वेल मात्र होती तिथेच सोडली. शब्द मोडला तो दिसू दे, म्हणाला. देवी काही रागावली नाही. हत्यारं त्याच्यामागे पुतण्याकडे आली, त्याच घरातला मी.

आजही आमच्याकडे कुणी पटाशी उचलण्याआधी घरातलं दुसरं माणूस विचारतं, "हात जागो आसा?" नुसतं "आसा" म्हणून सुटका नाही, उलट "तुझो?" असं विचारावंच लागतं. दोघांतला एक जरी "नाय" म्हणाला तरी त्या दिवशी काम बंद. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे. का नाय, ते कुणी विचारत नाही. दुसऱ्यानं जवळ बसून राहायचं.