वेलबुट्टीतली विनवणी

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट आहे. एका डोंगरी गावात एक चितारी राहत होता. त्याची चित्रं विकणारा व्यापारी दूर राजधानीत असे. गावातल्या चिताऱ्यांची एक रीत होती. व्यापाऱ्याला पत्र धाडायचं ते सजवून धाडायचं. साधा निरोप असेल तर कडेला नुसती रेघ, अडचण असेल तर वेलबुट्टी. जेवढी निकड मोठी, तेवढी सजावट जास्त. ही टूम कुणी काढली होती, देव जाणे!

एकदा गठ्ठा बांधताना चिताऱ्याच्या हातून घोटाळा झाला. विकायच्या चित्रांत त्याच्या लेकीचं चित्र गेलं. पोर तापाने वारली होती. तिचा चेहरा तेवढ्या एका कागदावरच उरला होता.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, माझी पोर गेली की हो गठ्ठ्यात! आधी पत्र धाडा."

त्याने लगेच पत्र लिहिलं आणि कडेला जाईचा वेल काढला. 'शेठजी, लहान मुलीचं चित्र चुकून आलं आहे. ते विकायचं नाही. कृपा करून परत धाडावं.' उत्तर आलं नाही. पुढच्या पत्रात त्याने वेलावर पाखरं बसवली. तरी उत्तर नाही. मग सोन्याचा वर्ख लावला, अक्षर मोत्यासारखं घोटलं. व्यापारी आपला गप्पच. आणि हा भोळा सांब स्वतःलाच बोल लावी, की आपलंच पत्र कुठेतरी कमी पडलं.

शेवटी तो चालत राजधानीला गेला. व्यापाऱ्याच्या दालनात ही गर्दी! भिंतींवर सोनेरी चौकटींत त्याचीच पत्रं टांगलेली. एक सरदार मान डोलावत होता, "वाहवा! या 'कृपा'मधला ऋकार पाहा. काय फिरवलाय!"

चितारी व्यापाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. "शेठजी, पत्रं वाचलीत का?"

"वाचायची कशाला?" व्यापारी हसला. "अशी चीज पाहायची असते. अजून धाड, लोक तुटून पडतात."

"आणि माझ्या पोरीचं चित्र?"

"ते बारकं? ते कधीच गेलं. एका गलबतवाल्याने नेलं, कुठल्या मुलखात कोण जाणे. तुझी पत्रं टांगायला भिंत मोकळी करायची होती ना!"

चिताऱ्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने एक चौकट ओढून जमिनीवर आपटली. "ऋकार बघताय? डोळे फुटले का तुमचे? बाप गयावया करतोय त्यात!" मग एकेक पत्र उतरवून त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सरदाराने मान खाली घातली. व्यापारी मात्र ओरडत होता, "अरे, चौकटी सांभाळ!"

ही हकिकत गावापर्यंत पोचली. सगळे चितारी मिळून राजधानीत आले, आपापली चित्रं उतरवली आणि घेऊन गेले. पुन्हा त्या दारात कुणी चित्र धाडलं नाही. व्यापाऱ्याचं दुकान बसलं. बरंच झालं! ती खुळी रीतही मोडली. चितारी आता काय हवं ते कोळशाने दोन ओळींत लिहू लागले.

पण पोरीचं चित्र काही मिळालं नाही. चितारी ते पुन्हा काढायला बसे. कपाळ जमे, नाक जमे, हनुवटीपाशी हात थांबे.

"तिची हनुवटी कशी होती गं?" तो बायकोला विचारी.

तिलाही आता नीट आठवत नसे.

म्हणून ध्यानात ठेवा: दाद मागायला आलेल्याला नुसती वाहवा देणारा माणूस तोंडावर नकार देणाऱ्याहून निर्दय असतो.