अस्वलानं पेरलेला खुंट

एका राज्यात, जिथं वर्षातले चार महिने बर्फ पडे आणि वळचणीला काचेसारख्या सळया लोंबत, दीर्घबाहू नावाचा राजा राज्य करी. राजा वाईट नव्हता. टापटिपीचा मात्र इतका, की वाकडं त्याला बघवत नसे. दरबारात कुणी पगडी तिरकी घालून आला, तर राजा सिंहासनावरून उठून ती स्वतः सरळ करी.

त्या राज्याच्या खोऱ्यात रानसफरचंदांचं रान होतं. झाडं वेडीवाकडी, फळं बोराएवढी, आणि आंबट अशी की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटावा. राजानं ते रान तोडलं. तिथं गोड सफरचंदांची बाग लावली, रांगेनं, आणि भोवती उंच भिंत घातली. खाली पडलेलं फळसुद्धा राजमाळी हरबाजी दिवस मावळायच्या आत झाडून नेई. त्या हिवाळ्यात अस्वलं उपाशी झोपली, हरणं झाडांच्या साली चघळत राहिली, पाखरं दुसऱ्या देशी गेली.

मग रानाची जखीण वाड्यात आली. दारातून नाही, भिंतीतून आली. पंगत बसली होती, तिच्या मधोमध उभी राहून म्हणाली, “राजा, रानापुढचं ताट तू ओढून घेतलंस. आजपासून तुझ्या घरात कुणाचं पोट भरणार नाही.”

आणि खरंच भरेना. राजानं परातभर भात खाल्ला, भूक तिथंच. राणी चंद्रलेखेनं सात भाकऱ्या खाल्ल्या आणि आठवी हातात धरून ती रडली. मोठी माणसं कशीबशी तग धरतील. पण त्यांची चार वर्षांची लेक शेवंती, तिच्या अंगी घासही लागेना. खीर संपली की ती वाटी पुढं करी आणि म्हणे, “अजून.” दिवसभर तोच एक शब्द. मनगट काडीसारखं झालं. राजवैद्यानं नाडी पाहिली, मान खाली घातली. म्हणाला, “एकवीस दिवस. पुढचं मला विचारू नका.”

आता वाड्याच्या मागच्या भिंतीला भिंत लागून म्हाळसाबाईचं घर होतं. वय चाळिशीच्या पलीकडं, शिक्षण जेमतेम, पण डोळे आणि कान दोन्ही शाबूत. वाड्यात काय शिजलं हे वाड्याच्या आधी तिला कळे. लोक तिला चौकशीखोर म्हणत. म्हणोत बापडे. ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या घरचं दुःख कळायचं तरी कसं?

ती वाटी घेऊन मागच्या दारानं आली. “राणीसाहेब, चिमूटभर हिंग द्या. आणि सकाळपासून सहाव्यांदा चूल पेटली, कोण पाहुणे आलेत?”

राणीनं तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. सांगून होतं न होतं तोच राजा आत आला आणि खिडकीत कस्तूर पक्षी येऊन बसला. काळानिळा, चोचीत तीन काड्या. काड्या खाली ठेवून तो माणसासारखं बोलला.

“राजन, कड्यावर एक रानसफरचंद तुझ्या कुऱ्हाडीतून वाचलं. त्याच्या या तीन काड्या. नाल्याकाठच्या कुरणात कलम बांध. तुझ्या हातच्या झाडावर रान पोटभर जेवलं, आणि जेवण झाल्यावर झाड उभं राहिलं, तर शाप उतरेल.”

“एवढंच ना!” राजा म्हणाला.

“एवढंच. काडी फळ देते, आणि जिच्यावर ती बांधायची ती मुळांची जोड, तो खुंट, पाय देतो. काडी मी आणली. खुंट तू निवड.” आणि पक्षी उडून गेला.

त्या कुरणावर जखिणीची जादू होती. तिथं एका दिवसात एक वर्ष सरे. सकाळी वसंत, दुपारी पावसाळा, चौथ्या प्रहरी फळं पिकत आणि दिवस कलता कलता बर्फ पडे. माणसाचं वय मात्र वाढत नसे. वाढत असतं, तर म्हाळसाबाईनं आत पाऊल टाकलं नसतं.

राजाला घाई होती. लेक झुरत असताना कोणत्या बापाला नसेल? त्यानं विचारलं, “लवकरात लवकर फळ कोणत्या खुंटावर येतं?”

हरबाजी म्हणाला, “ठेंगू खुंटावर, महाराज. राणीसाहेबांच्या चौकात कुंड्यांतून आहेत ते. तिसऱ्या वर्षी फळ, हात वर न करता तोडावं.”

राजानं स्वतः काडी पाचरीसारखी तासली, खुंटाला चीर दिली, काडी बसवली, चिंधीनं आवळली, वर मेण लावलं. म्हाळसाबाई कुंपणाशी उभी होती. तिनं कुंडीतलं मूळ पाहिलं होतं. मूठभर, विस्कटलेल्या सुतळीसारखं. ती म्हणाली, “महाराज, याचं मूळ...”

“बाई, तुम्हाला कुणी विचारलं?”

ती गप्प बसली. तिला ते फार जड गेलं.

तिसऱ्या दिवशी झाड कमरेएवढं झालं आणि लाल फळांनी लगडलं. वाड्यात नगारे वाजले. दिवस कलला, बर्फ पडलं, रान आलं. सशांनी बुंध्याची साल सोलली. हरणांनी शेंड्यापर्यंत सगळं ओरबाडलं, शेंडा त्यांच्या तोंडाशीच होता. मग अस्वल आलं. त्यानं नुसता पंजा टेकला. झाड मुळासकट उपटून आलं, चिखलातून मुळा यावा तसं.

नगारे थांबले. शेवंती म्हणाली, “अजून.”

दुसऱ्या काडीच्या वेळी हरबाजी पुढं झाला. “महाराज, आता थोर खुंट हवा. माझ्या गावच्या तांबड्या माळावर आहे, हत्ती बांधावा असा. सहा दिवसांत छाती काढील.” राजाच्या उडत्या गालिच्यावरून खुंट आणला गेला. गालिचा जुना होता, वाटेत दोनदा टेकला, पण पोचला.

म्हाळसाबाईनं विचारलं, “भाऊजी, तुमच्या माळावर पाणी किती?”

“पाणी? म्हाळसावहिनी, आमच्याकडं पाणी म्हणजे पाहुणा. आला तर आला.”

“आणि इथं नाल्याकाठी चिखलात पाय रुततो. याला मानवेल?”

“तुम्ही हिंग मागायला आलात ना? मिळाला ना?”

झाड वाढलं खरं. पाचव्या दिवशी माणसाहून उंच, ताठ, सरळ. राजा त्याच्याभोवती फेऱ्या घालू लागला. सहाव्या सकाळी पालवी फुटलीच नाही. म्हाळसाबाईनं बुंध्याशी नखानं खरवडलं, तर आतून काळं आणि बुरशी आलेल्या लोणच्याचा वास. माळावरच्या मुळाला ओल सोसली नव्हती. सायंकाळी वारा आला आणि झाड आपलं आपण आडवं झालं.

नऊ दिवस गेले. काडी एक उरली, दिवस बारा उरले.

राजा चिखलात बसला. मुकुट तिरका झाला होता, त्यानं तो सरळही केला नाही. हरबाजी कुरणाच्या कोपऱ्यात तोंड लपवून उभा. तेव्हा राणी शेवंतीला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “म्हाळसाबाई, तुम्हाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.”

झालं! नऊ दिवसांचं साठलेलं होतं.

“मला विचारायचं नाही, दाखवायचं आहे,” ती म्हणाली आणि सगळ्यांना नाल्याच्या काठाशी घेऊन गेली. तिथं गवतात एक रोप होतं. उंची वीतभर, पण बुंधा अंगठ्याएवढा जाड.

“रानसफरचंद,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी इथं अस्वलाची विष्ठा पडली होती, तिच्यातून हे उगवलं. रोज संध्याकाळी हरणं याला खातात, रोज सकाळी हे पुन्हा फुटतं. नऊ वेळा खाल्लं, नऊ वेळा उठलं. पाय तर कायम पाण्यात. मी रोज येऊन बघते. म्हणजे, जाता-येता दिसतं आपलं.”

हरबाजीनं बोटानं माती उकरली. हात कोपरापर्यंत गेला, मुळाचा शेवट लागेना. तो हळूच म्हणाला, “वहिनी, हे कुणाच्या बागेतलं नाही.”

“नाहीच. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. पण झाडाचं विचारावं. कुठलं, कसल्या मातीतलं, कुणाच्या पोटातून आलेलं. जे रानासाठी लावायचं, त्याचा खुंट रानालाच निवडू द्यावा.”

“फळ कधी येईल?” राजानं विचारलं.

“बाराव्या दिवशी.”

राजा पांढरा पडला. “अकराव्या दिवशी नाही?”

“नाही, महाराज. असला खुंट आधी पाय पसरतो, मग हात वर करतो.”

बारावा दिवस म्हणजे मुलीचा शेवटचा दिवस. ठेंगू खुंट तीन दिवसांत फळतो, हे राजाच्या ओठांवर आलं होतं. राणीनं त्याच्याकडं पाहिलं आणि शेवंतीला म्हाळसाबाईच्या मांडीवर दिलं.

“माझ्या लेकीचे बारा दिवस मी यांच्या ओटीत घालते,” ती म्हणाली. “बांधा कलम.”

रोप उपटलं नाही. जिथं होतं तिथंच राजानं तिसरी काडी बसवली. चिंधी म्हाळसाबाईनं आवळली. मग तिनं भोवती बोरीच्या काटेरी फांद्या रचल्या.

राजाला कळेना. “रानाला जेवू घालायचं आणि रानालाच काटे लावायचे?”

“बाळंतिणीच्या खोलीत पाहुणे सोडतात का, महाराज? बाराव्या दिवशी बारशाला या म्हणावं. तोवर बाहेर.”

चौथ्या दिवशी झाड डावीकडं वाकलं. हरबाजी सवयीनं कात्री घेऊन आला. म्हाळसाबाईनं कात्री काढून घेतली आणि कमरेला खोचली. “वाकू द्या. खारीला चढायला बरं.” सातव्या दिवशी काट्यांच्या वर फांद्या गेल्या. दहाव्या दिवशीही फूल नव्हतं. शेवंतीचा आवाज आता इतका बारीक झाला, की “अजून” ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागे. राजा रोज सकाळी प्रत्येक फांदी तपासे आणि परत येऊन शेवंतीजवळ बसे. अकराव्या दिवशी तो म्हणाला, “बाई, खरं सांगा.”

“खरं सांगते. मलाही झोप नाही.”

बाराव्या सकाळी झाड नखशिखांत फुललं. गुलाबी कळ्या, पांढरी फुलं, आणि मधमाश्या अशा गुणगुणल्या की वाड्यातली भांडी वाजू लागली. चौथ्या प्रहरी फळं लाल झाली. म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि काटे ओढून काढले. हरबाजीनं न सांगता मदत केली. दोघांचे हात रक्ताळले.

दिवस कलला. बर्फ पडलं. राजाच्या बागेतलं प्रत्येक गोड फळ कधीच गळून गेलं होतं. इथलं एकही गळलं नाही. गारठ्यानं आंबटपणा मुरला, फळं मऊ झाली, बर्फावर माणकांसारखी लोंबत राहिली.

आधी कस्तूर आला, त्याच्यामागून देशोधडीला लागलेली सगळी पाखरं. ती खात होती आणि सांडत होती. सांडलेलं हरणांनी खाल्लं, हरणांकडून राहिलेलं सशांनी, सशांकडून राहिलेलं साळिंदरानं. हरणांची तोंडं शेंड्याला पोचली नाहीत. सशांनी साल कुरतडून पाहिली. बारा वर्षांची साल, दात लागेना.

मग अस्वल आलं.

ते टेकलं नाही, सरळ वर चढलं. झाड करकरलं. राणीनं डोळे मिटले. अस्वल एका जाड फांदीवर गेलं, फळांचा घोस तोंडात ओढला, आणि फांदी कडाडकन मोडली. फांदी, घोस आणि अस्वल तिन्ही खाली आली. बर्फ उडालं. काही दिसेना.

बर्फ बसलं. अस्वल बुडावर बसून मोडलेल्या फांदीवरची फळं खात होतं. त्याच्यामागं झाड उभं होतं. एक हात गेला होता, पाय जागचे हलले नव्हते.

अस्वलानं शेवटचं फळ खाल्लं. पोटावर पंजा फिरवला. मोठा ढेकर दिला.

म्हाळसाबाईच्या मांडीवर शेवंती होती, समोर राणीनं धरलेली खिरीची वाटी. तिनं एक चमचा घेतला, दुसरा घेतला, तिसरा तोंडाशी आला आणि तिनं मान फिरवली.

“पुरे,” शेवंती म्हणाली.

राणीच्या हातातली वाटी खाली पडली. राजानं म्हटलं, “काय म्हणालीस, बाळा?”

“पुरे. झोप आली.” आणि तिथंच, म्हाळसाबाईच्या खांद्यावर ती झोपली. तिच्या श्वासाला दुधाचा वास येत होता. राजाला हुंदका येणार, तर आला ढेकर. असा की डोंगरानं तो परत दिला. राणी रडता रडता हसली. हरबाजी आधी दचकला, मग हसत सुटला.

झाडामागून जखीण बाहेर आली. “राजा, शाप सुटला,” म्हणाली. “फांदी मोडली म्हणून रडू नकोस. पाहुणा जेवला की ताट थोडं सांडतंच.” आणि ती बर्फात विरून गेली.

राजानं बागेच्या भिंतीला दहा दारं पाडली, तीही सरळ रेषेत नाहीत. खाली पडलेलं फळ झाडायचं बंद झालं. खोऱ्यात पुन्हा रान उठलं, वेडंवाकडं, आणि त्यातल्या एकाही झाडाचा खुंट राजवाड्यातून आला नाही. हरबाजी आता कलम बांधण्याआधी गुडघे टेकून माती पाहतो, आणि काही अडलं तर मागच्या भिंतीवरून हाक मारतो, “म्हाळसावहिनी, जरा विचारायचं होतं!”

ती वाटी घेऊनच येते. वाड्यात आता दिवसाला दोनदा चूल पेटते, तिसऱ्यांदा नाही. हे तिनं मोजलेलं आहे.

रानाचं ताट रानापुढं आलं, राजाचं राजापुढं, लेक आईच्या कुशीत निजली. त्यांच्या घरी जसं पुरेसं झालं, तसं ज्यानं ऐकलं त्याच्या घरी होवो, आणि ज्यानं दारातून सांडू दिलं त्याच्या घरी थोडं जास्त होवो.